कोल्हा, अस्वल आणि सतरा नंबरचा दगड

आमच्या घरातल्या माणसांना एका प्रश्नाचं एक उत्तर देता येत नाही. दगड कुठल्या प्राण्याचा, एवढंच विचारलं होतं. तीन आठवडे भांडले.

झालं असं, की आमच्या ओढ्याकाठच्या वरच्या घाटात रस्ता रुंद करायचं ठरलं आणि मोजणीवाल्यांनी वाटेतल्या दगडांना नंबर दिले. सतरा नंबरचा दगड आमचा. म्हणजे कागदावर आमचा नाही, तो कुंपणाच्या आत, गुरांच्या मालकाचा. पण आम्हा चुमाश आदिवासींची, इथल्या मूळच्या माणसांची, वस्ती तिथे होती तेव्हा त्या मालकाचा पणजोबाही जन्मला नव्हता. काउंटीच्या, म्हणजे जिल्हा कचेरीच्या, हॅलोरनबाईंनी मला फॉर्म दिला. दगडाचं नाव, प्राणी, कुठून पाहतात, गोष्ट काय. एकतीस ऑगस्टच्या आत दिला तर रस्ता सरकवू, नाहीतर सुरुंग लावू. बाई वाईट नाहीत. "एकच प्राणी लिहा हं," एवढंच त्यांनी दोनदा बजावलं.

मी लिहिलं, कोल्हा. लहानपणापासून ऐकत आले होते. तर माझा मावसभाऊ रूडी म्हणाला, "कोल्हा? डोळे तपासून घे, लिओनोर. ते अस्वल आहे. पाठ बघ त्याची."

"तू ते कुठून बघितलंस?"

"रस्त्यावरून. आणखी कुठून बघणार, मालक आत सोडतो का?"

त्याच्या बहिणीला त्यात सरडा दिसला. रूडीच्या बायकोला काहीच दिसलं नाही, पण गरुड लिहिला तर बरं वाटेल असं तिचं मत पडलं, कारण आभाळ गरुडानेच पंखांवर तोललंय. मी शाळेच्या स्वयंपाकघरात रोज तीनशे पोरांना जेवू घालते. ती तीनशे पोरं या तिघांपेक्षा शहाणी आहेत. आणि रूडीने कहर केला. मला न विचारता फॉर्मवर खाडाखोड करून अस्वल लिहिलं आणि वर सही ठोकली.

शेवटी रूडी आणि मी नात्यातल्या युलालिया मावशीकडे गेलो. वय शहाऐंशी. तिच्या आईचं बालपण त्या ओढ्याकाठी गेलं होतं, आणि दगडाची गोष्ट माहीत असलेलं जिवंत माणूस ती एकच, असं सगळे धरून चालत होते. मावशी अंगणात राजमा निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "डिसेंबरात या."

"मावशी, एकतीस ऑगस्ट."

"आभाळातल्यांच्या गोष्टी उन्हाळ्यात सांगत नाहीत. खुळखुळ्या साप उंबऱ्यात येतो."

हा नियम आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी स्वतः हे जानेवारीत लिहितेय, उगाच नाही. पण त्या दिवशी माझं डोकं तापलं. "साप आला तर रूडी मारेल."

"मी नाही मारणार," रूडी म्हणाला.

पुढचे दहा दिवस मी रोज जात राहिले. गोडीने विचारलं, पीचचा मुरांबा नेला, एकदा रडूनही पाहिलं. दगडावर पाणी. अठ्ठावीस तारखेला मावशी आपणहून म्हणाली, "सांगता येत नाही. दाखवता येतं. गाडी काढ."

रूडीलाही बरोबर घेतलं. मालकाच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, तेव्हा त्याने फाटक उघडलं. ऊन असं, की बोलायलाही नको. मावशी काठी टेकत ओढा ओलांडून एका सपाट जागेवर आली. तिथे काहीच नव्हतं, वाळकं गवत आणि शेण. तिने मला खांद्यांना धरलं, दोन पावलं मागे नेलं, जरा डावीकडे वळवलं आणि सोडलं.

तिथून सतरा नंबरचा दगड अस्वल नव्हता. कान उभे, तोंड लांब, कोल्हाच, मांडी घालून बसलेला. आणि त्याच्या समोर, आखलेल्या रस्त्याच्या पलीकडे, एक गोल, लालसर दगड होता. त्याला मोजणीवाल्यांनी नंबरच दिला नव्हता. दोघं समोरासमोर बसले होते. सूर्य आणि आभाळातला कोल्हा वर्षभर मुठीत हाड लपवून डाव खेळतात, भर थंडीत निकाल लागतो. कोल्हा जिंकला तर पाऊस आणि ओकची फळं, सूर्य जिंकला तर दुष्काळ आणि माणसं मरतात. हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण तो डाव इथे मांडलाय, हे माझ्या साठ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि रस्ता बरोबर दोघांच्या मधून जाणार होता.

रूडीलाही तिने तसंच वळवलं. त्यालाही कोल्हाच दिसला.

"आता इथली गोष्ट सांग," मी म्हटलं. "ते इथेच का बसले, आपलं माणूस कुणाच्या बाजूने होतं, सगळं."

"डिसेंबरात."

तेव्हा माझा तोल गेला. "डिसेंबरापर्यंत तू राहशील याची काय खात्री?"

असं बोलायला नको होतं. रूडीने माझ्याकडे पाहिलं नाही. मावशी मात्र रागावली नाही. ती काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "मीही आईला इथेच विचारलं होतं. एकवीस वर्षांची होते, ऑगस्टच होता. ती म्हणाली, थंडी पडू दे, मग सांगते. नोव्हेंबरात गेली. मला एवढंच देऊन गेली, कुठे उभं राहायचं ते."

"म्हणजे तुला गोष्ट माहीत नाही?"

"नाही."

तीन आठवड्यांचा राग अंगात होता आणि तो कुणावर काढावा कळेना. पासष्ट वर्षं ही बाई त्या नियमाला टेकून बसली होती. मी गाडीच्या बॉनेटवर फॉर्म पसरला. रूडीचं अस्वल खोडलं, कोल्हा आणि सूर्य असे दोन दगड लिहिले. 'कुठून पाहतात' हा रकाना आम्ही सगळ्यांनी मोकळाच सोडला होता. तो भरला, खुणेसाठी नकाशावर फुली मारली. तेवढं हॅलोरनबाईंना पुरलं. रस्ता ओढ्याच्या खालच्या अंगाने गेला.

पण ते नंतर. त्या वेळी मी मावशीला गाडीत बसवलं, पट्टा लावला आणि विचारलंच, "मग सरळ सांगायचंस ना, की माहीत नाही."

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्ही विचारायला आला असता का?"