निजलेल्या पाण्यात खडा

"काडी एकदा रोवली का ती हालवायची नाय. पानी तिच्या म्होरं चढतंय का, तेवढं बघायचं," सुकीने सुनेला बजावलं होतं.

"आत्या, काडी काय पळून जाणार आहे?" नीता हसून म्हणाली होती. जव्हारच्या कॉलेजातून बी.ए. झालेल्या बाईला काडी राखायला शिकवायचं म्हणजे गंमतच.

एरवी सासरे मासे धरायला नदीत उतरले की पाणी चढतंय का ते बघत काठावर सुकीच बसायची. त्या दिवशी तिला ताप होता, म्हणून चार दिवसांसाठी पाड्यावर आलेली नीता अडीच वर्षांच्या मीनाला घेऊन बसली होती. सासरे, पोश्यामामा, पाण्यातून चालत पुलालगतच्या, नदीच्या मधल्या काळ्या धोंड्यामागे पोचले होते. नदी त्या धोंड्यावर आपटून दोन्ही अंगांनी धावायची, पण त्याच्या पाठीमागे खाटेएवढं पाणी शांत असायचं. पाड्यावर त्याला निजलेलं पाणी म्हणत. धावत्या पाण्यात दमलेला मासा तिथे टेकतो आणि कडेने वाहत येणाऱ्या किड्यावर झडप घालून परत आडोशाला येतो. म्हणून मामा गांडूळ लावलेला गळ बरोबर कडेला सोडायचे, धावतं आणि निजलेलं पाणी एकमेकांना घासतं तिथे.

"नि माझ्या पान्यात खडा टाकायचा नाय हां," जाताना त्यांनी नातीला दटावलं होतं. "मासा पळला तर तुला कोरडी भाकर."

मीनाने खडा टाकला नाही. तिने काडी उपटली. नीताने ती पुन्हा पाण्याच्या कडेला रोवली. थोड्या वेळाने मीनाने परत उपटली, नीताने परत रोवली, कडेलाच. नजर सगळी पोरीच्या पायांवर, घसरली तर?

तेवढ्यात फोन वाजला. हेमंत, तिचा नवरा, नदीच्या वरच्या अंगाला मोखाड्याला कारकून होता.

"इथे तासभर नुसता कोसळतोय. बाबा नदीवर नाहीत ना?"

"आहेत. पण इथे ऊन आहे. पाणी काडीपाशीच आहे, मघापासून तसूभर हललं नाही."

"नक्की?"

"अहो, बघतेय ना मी!"

फोन कट झाला. मीना म्हणाली, "आई, तुझी चप्पल पोहते."

नीताने वळून पाहिलं. चपला तिने सपाट दगडावर काढल्या होत्या, पाण्यापासून चांगल्या चार पावलांवर. तो दगडच दिसत नव्हता. काडी पाण्याच्या कडेला होती, कारण दर वेळी तिनेच ती कडेला नेऊन रोवली होती.

"मामा! ओ मामा!"

पोश्यामामांना एरवीही कमी ऐकू यायचं; नदीच्या आवाजात तर काहीच नाही. ते पाठमोरे, गुडघाभर पाण्यात. नाही, आता मांडीभर. धोंड्यामागचा फेस मघाशी एका जागी बसून होता, तो गरगर फिरायला लागला होता. वरून पालापाचोळा येत होता आणि पाणी चहासारखं झालं होतं.

तिला पोहता येत नव्हतं. तिने ओढणी सोडली, मीनाच्या कमरेला बांधली, दुसरं टोक जरा खालच्या अंगाला काठावरच्या करंजाच्या बुंध्याला दोन गाठींनी आवळलं. पोर भोकाड पसरून रडायला लागली. नीताने दगड उचलला. पहिला धावत्या पाण्यात पडला. दुसरा धोंड्यावर आपटून उडाला. तिसरा पडला निजलेल्या पाण्यात, मामांच्या पुढ्यात.

मामा रागाने लाल होऊन वळले. "कोन रं तो भाड्या?"

नीताने काडी उपटली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरली.

मामांनी काडीकडे पाहिलं, मग पायाखाली. गळाची काठी त्यांनी तिथेच सोडली. पण ते सरळ काठाकडे आले नाहीत. तिरपे, खालच्या अंगाच्या दुसऱ्या धोंड्याआड गेले, त्याला धरून श्वास घेतला. मग तिसऱ्याकडे. दोन धोंड्यांमधल्या वाटेत पाणी छातीला लागत होतं. तिसऱ्या धोंड्यामागे मात्र निजलेलं पाणी उरलंच नव्हतं, तेही उठलं होतं. मामांचा पाय सुटला आणि पाणी त्यांना करंजाच्या बाजूला ओढत निघालं.

नीता एका हाताने करंजाचं मूळ धरून कमरेपर्यंत उतरली. मागे मीना "आई, आई" करत होती. मामांचं डोकं दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं, आणि त्यांची ओली बोटं तिच्या मनगटावर आवळली.

काठावर ते बराच वेळ खोकत राहिले.

"कितींदा हालवली काडी?"

"दोनदा," नीता म्हणाली. तिला रडू आवरेना.

घरी पोचल्यावर मामा बायकोला एवढंच म्हणाले, "पोरीचा नेम वायट. तिसऱ्याला लागला."

काल नीता मीनाला घेऊन हेमंतकडे मोखाड्याला परतली. आज सकाळी तिने पाड्यावर फोन लावला. सुकीचा ताप उतरलेला नाही, आणि मामा नवी काठी घेऊन नदीवर गेलेत. एकटेच. मोखाड्यावर पुन्हा आभाळ भरून आलंय आणि तिकडे जाणारी जीप दुपारशिवाय नाही.

तुम्ही त्या पुलावरून जाणार असाल तर जरा थांबा, काळ्या धोंड्यामागे बघा. कुणी पाठमोरा म्हातारा दिसला तर हाक मारू नका, ऐकू जायची नाही. निजलेल्या पाण्यात खडा टाका. शिव्या देतील, देऊ द्या. ते वळले का, तेवढं नीताला कळवा.