दुखत नाही

वीस वर्षं टेनिस खेळून निवृत्त झालेल्या ताईचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून धाकट्या बहिणीने तिला तिसऱ्या डॉक्टरांकडे ओढत नेलं.

"हात वर करा," डॉक्टर म्हणाले.

ताईने हूं की चूं न करता हात थेट कानाला लावला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण चेहरा ढिम्म.

"दुखतंय?"

"छे!"

समोरच्याला दुखणं कळलं की तो तिथेच चेंडू मारतो, हे बाबांनी तिच्याकडून आठव्या वर्षी कोर्टावर घोकवून घेतलं होतं. डॉक्टरांनी तिला ठणठणीत ठरवून वाटेला लावलं.

"अगं बाई, ते डॉक्टर होते!" बहीण जिन्यातच कडाडली.

घरी येऊन ताई आरशासमोर बसली आणि रोजच्यासारखा कंगवा बहिणीच्या हातात दिला.