सापोआन, वय एकतीस

माझा नवरा मलेशियात पामच्या मळ्यात घड कापतो. तीन वर्षं झाली, गावाला आलेला नाही. तरीही त्या दिवशी दुपारी साडेतीनला रिंजानी डोंगराच्या कड्यावरच्या तळावर, सव्वीसशे मीटर उंचीवर, माझ्या डोळ्यांदेखत त्याची हजेरी लागली.

"सापोआन?" सुहैली गाईडने यादीतून वाचलं.

"हजर," नुरसीम म्हणाला.

वनखात्याच्या चौकीतला साहेब कॉफी पीत होता. मान वर न करता त्याने खूण केली आणि यादी पुट्ठ्याला लावून ठेवली. पाच पोर्टर, चार परदेशी पाहुणे, सगळे खालच्या तळ्यावरून सुखरूप वर आले. कागद असंच म्हणत होता. मी माझ्या टपरीच्या ताडपत्रीखाली नूडल्सचं पाणी उकळत होते आणि मला समोर चार पोर्टर दिसत होते.

आला नव्हता तो माझा सासरा. माझ्या नवऱ्याचं कार्ड खिशात घालून डोंगर चढणारा लाहमुदिन, वय चौसष्ट. मी त्याला अमाक म्हणते, म्हणजे बाबा. साठी उलटलेल्याला पोर्टरचा परवाना मिळत नाही, डॉक्टर सही करत नाही. त्यात अमाकला अंतर्गळ, पोटाला पट्टा बांधून चालतो. पण सापोआनचं जुनं कार्ड घरी पडून होतं आणि खालच्या फाटकावर पासपोर्ट बघतात ते पाहुण्यांचे. पोर्टरच्या तोंडाकडे कोण बघतो? त्याच्या खांद्यावरच्या कावडीकडे बघतात, कावड सरळ आहे ना, एवढंच.

कुणी मला बिचारी म्हणायला नको, म्हणून सांगून टाकते. कार्ड मी माझ्या हाताने काढून दिलं. म्हाताऱ्याला घरी बसवेना हे खरं, पण माझ्याही सोयीचं होतं. पाहुण्यांच्या तांदळाखाली दडवून तो माझ्या टपरीचे डबे वर आणायचा. आणि तळ्याकाठच्या गरम झऱ्याचं पाणी, दर फेरीला दहा लिटरचा कॅन. खालच्या गावांतून खरूज-नायट्याचे लोक येतात, ते हे पाणी विकत घेतात. पाहुण्यांचं पंचवीस किलो आणि वर माझं दहा.

मी गॅस बंद केला आणि नुरसीमकडे गेले. तो पाहुण्यांच्या तंबूची खुंटी दगडाने ठोकत होता.

"अमाक कुठेय?"

"येतोय मागून."

"किती मागून?"

त्याने आणखी दोन घाव घातले. "बाराला बघितला शेवटचा. दुसऱ्या साखळीच्या खाली टेकला होता. म्हणाला, व्हा पुढं, सिगारेट ओढतो आणि येतो."

"साडेतीन वाजलेत."

"मला घड्याळ कळतं, इनाक मिर्ना." गावात मला सगळे असंच हाक मारतात, मिर्नाची आई. माझ्या नावाने हाक मारणारा मलेशियात आहे.

"आणि हजर म्हणालास तू."

"सुहैलीने डोळा घातला, म्हणालो. कार्ड पकडलं तर पाचही जणांचे परवाने जातात. तुला काय नवीन आहे का हे?" मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी त्याला म्हटलं होतं, कॅन ओतून टाक. तर म्हणतो, सुनेचं पाणी आहे."



मी कड्याच्या काठावर गेले. सकाळी तिथून तळं दिसतं, निळं, मधे काळा ज्वालामुखी. आता खाली काहीच नव्हतं. भाताचं पातेलं उतू यावं तसं धुकं वर येत होतं आणि त्याच्या मागून पावसाचा वास. मी "अमाक" अशी हाक मारली. दोनदा. एका माकडाने मान वळवली, बस्स. उतारावर धरायला खडकात साखळ्या ठोकल्यात, त्यांतल्या पहिल्या साखळीपर्यंत मी उतरून बघितलं. पुढची पायवाट गेल्या महिन्याच्या पावसात खचलेली, तिथे धुक्यात दोराशिवाय पाय टाकायचा नाही हे शेंबडं पोरही जाणतं. आणि समजा मी उतरले, तर एका माणसाला पाठीवर घेऊन वर कशी येणार? दोर आणि स्ट्रेचर चौकीत, कुलपात. कुलूप उघडायचं तर नोंद हवी, आणि नोंदीत नाव हवं.

या डोंगरावर माणूस पडून कमी मरतो, बसून जास्त मरतो. अंग भिजतं, हात कापायचे थांबतात, झोप येते. अमाकच्या अंगावर एक लुंगी, एक जाकीट, पायात रबरी चप्पल.

परत आले तेव्हा सुहैली पाहुण्यांना तळलेली केळी वाढत होता. त्यांतल्या पांढऱ्या केसांच्या बाईने मला बघून हाताची पाच बोटं दाखवली, मग एक मिटलं आणि भुवया उंचावल्या. सुहैली हसून तिला इंग्रजीत म्हणाला, एकजण शॉर्टकटने घरी गेला, त्याची बायको बाळंत आहे. बाईने छातीवर हात ठेवला. तिला आनंद झाला.

मी त्याला तंबूमागे ओढलं.

"कुणाची बायको बाळंत आहे रे?"

"हळू बोल. एक तास थांब, वहिनी. म्हातारा घोरपडीसारखा चिवट आहे, येईल."

"नाही आला तर?"

"नाही आला तर सापोआन हरवला म्हणून सांगू. चूक झाली, हजेरीला दुसराच बोलला म्हणू. मिळाल्यावर बघू काय ते."

"तासाने पाऊस आलेला असेल."

"आणि आत्ता बोंब मारलीस तर? या तळावर आपल्या गावची एक टोळी उरलीय. माझं सोड, नुरसीमची तीन पोरं आहेत. तुझी टपरी तरी राहील का? तुझ्या नवऱ्याला परत यायचंय, त्याच्या नावावर खोटेपणा लागला तर कोणत्या तोंडाने कागद मागेल तो?" त्याने माझा दंड सोडला. "सासऱ्याची एवढी माया होती तर घरी बसवायचा होता."

हे शेवटचं मला लागलं, कारण खरं होतं. खरं बोलणारा माणूसही हलकट असू शकतो, ते मला त्या तंबूमागे नीट कळलं.

मी थांबले नाही. पण धीटही झाले नाही. चौकीत गेले आणि सुहैलीने दिलेलंच खोटं बोलले, तासभर आधी.

"साहेब, सापोआन वर आलेला नाही."

साहेब शहरातून आलेला, पंचविशीचा, वाईट माणूस नव्हता. त्याने यादी काढली. "इथे हजर आहे."

"चुकून लागली. दुसराच बोलला."

"सापोआन, वय एकतीस, गाव सेंबालून." त्याने बोट ठेवलं. "तुझा कोण?"

"नवरा."

"कुठे बघितला शेवटचा?"

"दुसऱ्या साखळीखाली. बाराला."

तो दारापर्यंत आला, धुक्याकडे बघितलं. मग माझ्याकडे, जरा हसत. "एकतीस वर्षांचा गडी आहे, बाई. याच डोंगरात वाढलेला. परत खाली जाऊन गरम झऱ्यात डुंबत बसला असेल. त्याच्यासाठी माझी दोन माणसं या धुक्यात दोरावर लोंबकळवू? उद्या उजाडल्यावर बघू."

त्याचं चुकत नव्हतं. एकतीस वर्षांच्या माणसाला रात्र काढता येते. तो एखाद्या खडकाखाली शिरतो, उड्या मारतो, शिव्या देतो आणि सकाळी हसत वर येतो. आम्ही म्हाताऱ्याला तेहेतीस वर्षांनी तरणा केला होता, आणि तोच तरणेपणा आता त्याला तिथे बसवून मारणार होता.

दारात सुहैली येऊन उभा राहिलेला होता. तो मान हलवत होता, अगदी बारीक. नको.

ताडपत्रीवर पहिला थेंब वाजला.

"तो सापोआन नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"सापोआन मलेशियात आहे. खाली बसलाय तो त्याचा बाप. लाहमुदिन. चौसष्ट वर्षांचा. अंतर्गळ आहे, पट्टा बांधून चालतो. सापोआनच्या कार्डावर चढला. कार्ड मी दिलं."

साहेबाने कॉफीचा पेला खाली ठेवला.

"वहिनीचं डोकं फिरलंय, साहेब," सुहैली म्हणाला. आवाजात कीव होती, अगदी बेतून आणलेली. "तीन वर्षं झाली नवऱ्याला जाऊन. एकटी बाई, या उंचीवर. काहीबाही दिसतं तिला."

"मला काय दिसतं ते सांगू?" मी म्हणाले. "गेल्या उन्हाळ्यापासून तू त्याला चालवतोयस. अकरा फेऱ्या. म्हातारा आहे म्हणून त्याच्याकडून भांडी जास्तीची घासून घेतोस, तेही दिसतं."

"गप्प बस."

"तू गप्प बस." हे साहेब म्हणाला. मग बाहेर बघून ओरडला, "सापोआनच्या नावाला हजर कोण म्हणालं?"

तंबूंच्या बाजूला ठोकाठोक थांबली. कुणी हललं नाही. पाऊस आता नीट पडायला लागला होता आणि पाहुणे हसत, पळत आपापल्या तंबूत शिरत होते. मी नुरसीमकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ती भीक झाली असती, आणि त्याच्या तीन पोरांच्या तोंडातला घास मी आधीच काढला होता.

तो आला. हातात खुंटी ठोकायचा दगड तसाच.

"मी म्हणालो. म्हातारा खालीच आहे, साहेब. दोर द्या, मी जातो."

"दोर देतो," साहेब म्हणाला. "पण हे सगळं लिहिणार. पाचही परवाने, गाईडचा सहावा. आणि हिची टपरी."

"लिहा," मी म्हणाले. "आधी कुलूप उघडा."

चौघे पोर्टर, साहेबाची दोन माणसं, आणि मी. मला कुणी ये म्हटलं नव्हतं, नको म्हणायलाही वेळ नव्हता. टपरीतल्या दोन चादरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून छातीशी धरल्या आणि दोराला लटकले. साखळी बर्फासारखी गार. पुढच्या माणसाची टाच दिसायची, त्यापुढे पांढरं. नुरसीम दर वळणावर "पापुक" अशी हाक मारायचा. आजोबा. पोर्टर लोक अमाकला तशीच हाक मारतात. हाक मारून सगळे थांबायचे, पावसाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या साखळीखाली तो नव्हता.

आम्ही आणखी उतरलो. वीस पावलं, तीस. तिथे मला कावड दिसली. खडकाला नीट टेकवून ठेवलेली, दोन्ही टोपल्या समान, आणि त्यांवर त्याच्या अंगावर घ्यायचं प्लास्टिक पांघरून चारी बाजूंनी दगड ठेवलेले. आत पाहुण्यांच्या गाद्या कोरड्या ठणठणीत. म्हातारा तिच्या शेजारी उघड्यावर, गुडघे पोटाशी घेऊन, नखशिखांत भिजलेला. एक पाय घोट्यातून वेडावाकडा. ओठ काळे पडलेले. हात कापत नव्हते.

मी त्याच्या थोबाडीत मारली. होय, सासऱ्याच्या. दुसरी मारली तेव्हा डोळे उघडले.

"पाणी ओतलं," तो जड जिभेने म्हणाला. "पाय घसरला तेव्हा. रागावू नकोस."

नुरसीमने त्याची लुंगी सोडवली, चादरी गुंडाळल्या, आम्ही त्याला मधे घालून चोळलं, पाठ, तळवे, छाती. साहेबाच्या माणसांनी स्ट्रेचर बांधलं. वर यायला दोन तास लागले. वाटेत त्याला पुन्हा कापरं भरलं तेव्हा नुरसीम मोठ्याने रडला आणि लगेच सुहैलीच्या आईवरून शिवी दिली, म्हणजे आपण रडलो नाही असं सगळ्यांनी धरावं.

चौकीत स्टोव्हजवळ अमाकने साखरेची गरम कॉफी पोटात जाऊ दिली, पाय फळीला बांधू दिला. मग सभोवार बघितलं. साहेब लिहीत होता. पुढ्यात सहा परवाने एकावर एक.

"कुणी सांगितलं?" अमाकने विचारलं.

"मी."

"माझं नाव?"

"नाव, वय, पट्टा, सगळं."

त्याने त्या परवान्यांवर नजर फिरवली. मग म्हणाला, "पाच घरं उठवलीस. एका म्हाताऱ्यापायी."

"हो."

"कुणाला विचारून?"

"तुम्ही बोलायच्या अवस्थेत होता का, विचारायला?"

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. रात्रभर माझ्या हातून काही घेतलं नाही. नुरसीमच्या हातून भात खाल्ला.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. माझी टपरी दहा मिनिटांत मोडली, मीच मोडली, त्यांना हात लावू दिला नाही. चार पोर्टर स्ट्रेचरला लागले. सुहैली पाहुण्यांना घेऊन पुढे गेला, माझ्या अंगावरून, मी दगड असल्यासारखा. पांढऱ्या केसांची ती बाई स्ट्रेचरपाशी थांबली, म्हाताऱ्याचा चेहरा बघितला, मग सुहैलीच्या पाठीकडे बघत राहिली. तिने काय हिशेब लावला मला माहीत नाही.

चौघांच्या कावडी नंतर न्यायच्या म्हणून चौकीत ठेवल्या होत्या; अमाकची, काल स्ट्रेचरमागून वर आणलेली, बाहेरच राहिली होती. आत पाहुण्यांच्या गाद्या, पातेली, उरलेला तांदूळ. उचलायला माणूस उरला नव्हता. मी वाकले, बांबू खांद्यावर घेतला आणि उठले. पहिल्या उताराला बांबूने कातडं सोललं, दुसऱ्याला टोपल्या हेलकावे खायला लागल्या.

"लहान पावलं टाक," स्ट्रेचरवरून आवाज आला. "पाय आपटू नकोस. गुडघ्यात वाक."

मी गुडघ्यात वाकले.

"अजून," तो म्हणाला.