भगदाडाजवळचा फलक

तेलीबागेजवळ रुळांच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना लोकांनी भगदाडं पाडली होती. दोनदा बुजवली, दोनदा ती पुन्हा उघडली. शंभर पावलांवर पादचारी पूल होता, पण जिना कोण चढणार? सोलापूरची उत्कर्षा रेल्वेत इंजिनिअर होऊन लखनऊला आली त्याला बावीस वर्षं झाली होती. त्यातली चार या भगदाडांनी खाल्ली. धुक्यात गाडीखाली गेलेल्या माणसांचे पंचनामे तिने इतके वाचले होते, की आता नावंही लक्षात राहत नव्हती. याचंच तिला जास्त वाईट वाटे.

आता नवा फलक लावायचा होता. जुन्यावर कवटी होती, लाल अक्षरांतल्या आठ ओळी होत्या आणि कुणीतरी मारलेली पानाची पिचकारी होती.

रविवारी दुपारी तिने कागद पसरले. लेक अनुष्का डिझाइन शिकत होती. आईचं मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र हिंदीतच येई.

"कायद्याची अजून एक ओळ घालू का गं?"

"मम्मा, कोई नहीं पढ़ेगा. डराओगी तो लोग नज़र फेर लेंगे. चलते हुए वो देखते कहाँ हैं, पहले जाके वो देखो."

सोमवारी सकाळी उत्कर्षा भगदाडापाशी जाऊन उभी राहिली. जुना फलक डोक्याच्या बराच वर होता; तिकडे कुणी पाहतच नव्हतं. सगळ्यांच्या नजरा पायाखालच्या खडीवर. तिने वहीत लिहिलं: फलक खाली, कमरेच्या उंचीवर. धुक्यात दिसेल असा पिवळा रंग. मोजके शब्द. एकच चेहरा.

"क्या लिख रही हैं?" चिकनकारीच्या कुर्त्यांचं गाठोडं घेतलेल्या एका बाईने विचारलं. ती शकीला. भरतकाम केलेले कुर्ते चौकातल्या दुकानांत पोचवायला रोज इथून जायची. उत्कर्षाने सांगितलं, तशी तिने गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मेरे मियाँ की फोटो लगा दीजिए. दो साल पहले यहीं गए."

"आपको रोज़ देखनी पड़ेगी."

"रोज़ देखती ही हूँ."

दुसऱ्या दिवशी शकीलाने कुठल्याशा लग्नातला फोटो उत्कर्षाच्या घरी आणला. हसरा माणूस डावीकडे बघत होता. पूल होता उजवीकडे. अनुष्काने लॅपटॉपवर फोटो चटकन आरशातल्यासारखा उलटा केला. आता तो बरोबर पुलाकडे पाहू लागला. खाली शब्द होते: पुल से घर जाइए.

शकीलाने पडद्यावरच्या केसांच्या भांगाकडे पाहिलं. "ये वो नहीं हैं. माँग दूसरी तरफ़ चली गई."

"आंटी, किसे पता चलेगा?"

"मुझे."

अनुष्का ओशाळली. उत्कर्षाने लॅपटॉप ओढून घेऊन फोटो पुन्हा सुलटा केला. "उस तरफ़ की दीवार पर लगाएँगे. उधर से आनेवाले को पुल बाएँ हाथ पड़ता है."

"ठीक है," शकीला म्हणाली. "वो उधर से ही तो आ रहे थे."

फलक लागल्यावर आठवड्याने उत्कर्षा संध्याकाळी पलीकडे जाऊन उभी राहिली. काही जण थबकत, वळून जिन्याकडे जात. एका म्हाताऱ्याने फोटोला हात जोडले आणि तो भगदाडातूनच आत शिरला. तिला ओरडावंसंही वाटलं नाही. आधी तासाभरात वीसेक माणसं पुलावरून जायची. आज तिने साठ मोजली. बाकीची रुळांवरूनच गेली.

चौकातून परतलेली शकीला जिन्याशी येऊन थांबली. "कितने?"

"साठ."

"बस?"

"बस."

शकीला पायरीवर टेकली. उत्कर्षाही तिच्या शेजारी बसली. गाडी धडधडत निघून गेली. मग उत्कर्षाने शकीलाचं रिकामं गाठोडं उचललं आणि दोघी सावकाश जिना चढू लागल्या.