रोजचा काडेपेटीवाला

"अहो, तो आला बघा परत," मावशी ओठ न हलवता नवऱ्याला म्हणाल्या.

"खात्याचाच असणार. तू आत जा, मी बघतो."

"तुम्ही बसा. मीच बघते."

गल्लीच्या कोपऱ्यावरचं ते छोटं दुकान त्यांचं; सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणे. सिगारेटी आणि विजेवर ओढायचे व्हेप बंद कपाटात ठेवायचे, अठराच्या आतल्याला विकायचे नाहीत, नाहीतर परवाना रद्द, असा कायदा आला आणि भल्या बाईचा जीव टांगणीला लागला. परवाने तपासणारं खातं पोरांनाच गिऱ्हाईक करून पाठवी. समोरचा दुकानदार एका मिशीला फसला. मिशी खरी होती, वय तेवढं कोवळं. त्याचं दुकान बंद पडलं, तेव्हापासून मावशींना येणाराजाणारा खात्याचाच वाटे. संशय मोठा लबाड पाहुणा. पाणी मागत येतो आणि अंथरूण पसरतो.

"काडेपेटी द्या," तो माणूस म्हणाला.

"कालची संपली?"

"ओली झाली."

"परवाचीही ओलीच झाली होती!"

बाकावरचे निवृत्त पोस्टमन खो खो हसले. "त्यांना काय विचारता मावशी! काल माझं ओळखपत्र मागितलंत. ही दाढी काय चुना लावून पांढरी केलीय?"

माणूस हसला नाही. त्याची नजर कपाटावर होती. मावशींचा संयम सुटला.

"साहेब, पाळत कशाला ठेवता? हे घ्या, उघडते कपाट. काय शोधायचं ते शोधा."

"मी साहेब नाही, ताई." त्याने खिशातून जांभळा व्हेप काढून काचेवर ठेवला. किमतीच्या चिठ्ठीवर याच दुकानाचं नाव होतं. "माझ्या घरात सापडला. कोण विकतं ते बघायला येत होतो. पण तुम्ही तर म्हाताऱ्यांनाही अडवता."

"आमच्याकडून पोराटोरांना नाही जात हो! देवाशपथ!" मावशींचा आवाज चढला. "कुठल्या मोठ्या माणसाने नेला असेल. घरात आणखी कोण ओढतं?"

तेवढ्यात मागून नवरा म्हणाला, "पोरगी चांगली मोठी दिसते हो. मला काय माहीत शाळेत जाते ते!"

पोरीचं नाव अजून कुणीच काढलं नव्हतं.

पोस्टमन बाकावरून उठले आणि चपला शोधू लागले.

मावशी नवऱ्याकडे बघत राहिल्या. साऱ्या जगावर त्यांनी वहीम घेतला होता. या एका माणसाकडे मात्र पाठ करून त्या निर्धास्त बसत होत्या.

"किती वर्षांची?" त्यांनी त्या माणसाला विचारलं.

"चौदा. खोकते. विचारलं की दार लावून घेते."

मावशींनी भिंतीवरचा परवाना चौकटीसकट काढला. मागे फिकट चौकोन उरला.

"अगं, वेडी झालीस का? खात्यात गेलीस तर दुकान जाईल! खायचं काय?"

"जाईल तर जाईल," त्या म्हणाल्या. "चला दादा. तो व्हेप घ्या बरोबर. बोलायचं ते मी बोलते."

बाहेर ऊन रणरणत होतं. तो माणूस भराभर पुढे निघाला. मग मागे वळून त्याने पाहिलं. चौकट छातीशी धरून मावशी गुडघ्यावर हात टेकत येत होत्या. त्याने पाऊल आवरलं आणि त्यांच्या बरोबरीने हळूहळू चालू लागला.