जावेच्या फुल्या

अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत गोपिकाबाईंच्या अंगात देवी आली आणि त्यांच्या क्वार्टरपुढे कोळशाच्या ट्रकांनाही वाट मिळेना. सहा दिवस डोळ्याला डोळा नाही, तरी बाई थकेनात! चौघांचे नवस एका दमात निकाली काढत, घरातली नवी लुगडी वाटून टाकत. शेजारी बसून लहानू महाराज नारळ गोळा करत होते.

"देवी पक्की बसवा लागते," महाराज म्हणाले. "नऊ दिवस निरंकार. पाणीबी नाही. दवाई तं बिलकुल नाही!"

नवरा रुपरावने मान डोलावली. धाकटी जाऊ प्रेमिला मात्र बाईंकडे निरखून बघत होती. बाईंचे ओठ फुटलेले, हात थरथरणारे. नऊ दिवसांनी देवी उरेलही, पण जाऊ उरेल का?

"अन् दिवाळीनंतर महिनाभर पडून होत्या, तवा देवी कुठं गेलती महाराज?" तिने विचारलं.

"ते करणी होती वं! म्यांच उतरवली."

म्हणजे बाई नाचली तर महाराजांची देवी, पडली तर शेजारणीची करणी, उठली तर पुन्हा महाराजांचा उतारा. असा बिनघोर धंदा दुसरा नाही.

कॉलनीतले डॉक्टरही धन्य. बाई पडली की तिला त्यांच्याकडे न्यायचे, ते अशक्तपणाचं टॉनिक द्यायचे. नाचणारी बाई त्यांनी कधी पाहिलीच नव्हती, ती आरतीच्या वाट्याची. दोन्ही रूपं पाहिली एकट्या प्रेमिलाने, कारण दोन्ही वेळी चूल तिच्याच गळ्यात पडे. त्या रागात तीन वर्षं ती कॅलेंडरवर खुणा करत होती. जाऊ उठली नाही की फुली, झोपली नाही की गोल. कधीतरी सासूपुढे आपटायला!

पदर सारखा करून ती भासऱ्याशी, थोरल्या दिराशी, पहिल्यांदाच थेट बोलली, "भाऊजी, देवी खरी असंन तं शहरातल्या डॉक्टरनीले काहून भ्यायची? चला."

शहरातल्या मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंनी प्रेमिलाने आणलेल्या कॅलेंडरांची पानं उलटली. तीन आठवडे गोल, मग महिना-दीड महिना फुल्या, मग कोरी पानं. दरवर्षी तेच.

रुपरावने महाराजांनी करणी उतरवल्याचं सांगितलं. "हे महाराज कॉलनीत कधी आले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मागल्या दिवाळीत," रुपराव म्हणाला.

"मग आधीच्या दोन वर्षांच्या फुल्या कोणी उतरवल्या?"

रुपरावने कॅलेंडर आपल्याकडे ओढून घेतलं.

"उन्माद आणि नैराश्य, एकाच आजाराची ही दोन टोकं. लाट आपोआप ओसरते, तुमचे महाराज नुसते हजर असतात. पण दर लाटेला बाई जगेलच असं नाही. औषध आहे. रक्त तपासत नेमाने घ्यावं लागेल."

आषाढात गोपिकाबाई चुलीशी बसल्या होत्या. कॅलेंडर कोरं होतं.

"देवी म्हून पाया पडले, करणी म्हून अंगारा लावला," त्या म्हणाल्या. "मी कशी आहो, हे कोणी इचारलंच नाही."

"म्याबी नाही, बाई. म्या रागानंच खुना केल्या." प्रेमिलाला रडू आवरेना.

तेव्हा भक्तहो, आरतीचं ताट ओवाळण्याआधी त्या बाईला एवढंच विचारा, की किती दिवस झोपली नाहीस?