घणाचा रिकामा घाव

समाचाराला आलेल्या मेव्हण्याच्या तोंडावर लोहाराने सांडशी हाणली, तेव्हा त्याच्या हातातला चहा अजून अर्धाही संपला नव्हता. "जे होतं ते चांगल्यासाठीच, दाजी," एवढंच तो म्हणाला होता. एक दात चहात पडला, दुसरा शर्टावर.

थोरली उंबऱ्यातच उभी होती. लोहाराची बायको आणि या मेव्हण्याची सख्खी मोठी बहीण. तिने भावाला उठवलं, तोंडाला फडकं लावलं आणि वाटेला लावलं. दाताबद्दल हळहळली नाही. पोरगं गेलेल्या घरी बोलायला काही सुचत नसेल तर गप बसावं, अक्कल पाजळायला तुला कोणी बोलावलं होतं, असं त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकवत गेली.

पोरगं म्हणजे घण्या. बाप ऐरणीवर लोखंड धरायचा आणि हा घण घालायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला घण्याच म्हणे. बापाने लहान हातोडीने ऐरणीवर टिचकी मारली की घण थांबवायचा, हा धंद्याचा कायदा. घण्या थांबायचा, पण त्याआधी एक घाव रिकाम्या ऐरणीवर घालायचाच. ठण्ण. त्यावरून बाप रोज खेकसायचा, ऐरण तुझ्या सासऱ्याने दिलीय का. घण्या हसायचा. दुसऱ्या दिवशी परत ठण्ण.

त्याला मारलं ते त्यानेच घडवलेल्या दरवाजाने. गोदामाचं लोखंडी फाटक होतं, दोन गड्यांच्या वजनाचं. खांबाचं सिमेंट अजून ओलं आहे, दोन दिवस थांबू, असं घण्या म्हणाला होता. बाप म्हणाला होता, बांगड्या भर. घण्याची बायको शेजारी उभी राहून ऐकत होती. घण्याने फाटक टांगलं, खांब कलला आणि फाटक त्याच्या छातीवर आलं. गोदामवाल्याने ते परत आणून अंगणात टाकलं. जणू मालात खोट निघाली होती.

तेव्हापासून सासरा आणि सून एका छपराखाली दोन कुत्र्यांसारखे राहत होते. सून म्हणाली होती, ज्या हाताने पाठवलं तो हात मी मोडणार. तोंडची वाफ नव्हती ती. एकदा जेवताना म्हाताऱ्याने पाण्यासाठी हात पुढे केला आणि ती खलबत्त्यातला बत्ता घेऊन उठली. थोरली मध्ये पडली, बत्ता तिच्या भुवईवर बसला. म्हाताऱ्याने सुनेचे केस धरून तिला भिंतीवर आपटलं. थोरलीने रक्त गळत्या डोळ्यानेच त्याच्या मनगटाला चावा घेतला, तेव्हा कुठे त्याने सोडलं. ताटं तशीच राहिली.

शेजारच्या शिंपिणीने टाके घालायला नेलं आणि वाटेत शहाणपणा सांगितला. सुनेला माहेरी धाडा, नाहीतर या घरातून आणखी कोणीतरी जाईल. थोरली म्हणाली, माझं पोरगं गेलं ते गेलं, त्याची बायकोही मीच हाकलू? मग उरलं काय माझ्याकडे, हा म्हातारा? पण थोरलीला कळत होतं की शिंपीण खोटं बोलत नाही. सून राहिली तर रक्त सांडणार, गेली तर घण्याची शेवटची खूणही जाणार.

सकाळी अंगणात धाडधाड सुरू झालं. म्हातारा फाटक तोडत होता. एका हाताने छिन्नी गजावर धरायची, दुसऱ्या हाताने हातोडा मारायचा. गज अंगठ्याएवढा जाड. छिन्नी सटकत होती, बोटं सोलून निघाली होती, आणि गजावर नुसते ओरखडे. दुसऱ्याची म्हैस मारावी तसा तो फाटकाला मारत होता.

थोरली थोडा वेळ बघत राहिली. लोहाराच्या घरात जन्म काढलेल्या बाईला एवढं कळतं की असा गज एकट्याने तुटत नाही. एकाने छिन्नी धरायची, दुसऱ्याने घण घालायचा. धरणाऱ्याचा हात घणाखाली असतो.

ती आत गेली, कोपऱ्यातला घण्याचा घण ओढत आणला आणि सुनेच्या पायाशी ठेवला.

"तुला त्याचा हात मोडायचाय ना? तो बघ, घणाखाली धरायला बसेल. चल."

सुनेने तिच्याकडे पाहिलं. सासूच्या भुवईवर टाके होते, ते तिनेच दिलेले.

"आणि खरंच मोडला तर?"

"तर एका हाताच्या म्हाताऱ्याला मी भरवीन. रोजची चोरून मारामारी मला बघवत नाही. काय करायचं ते माझ्यासमोर करा."

म्हाताऱ्याने सुनेला घण घेऊन येताना पाहिलं. पळाला नाही. फाटकाचा गज त्याने ऐरणीवर सरकवला, त्यावर छिन्नी टेकवली, नुसत्या मुठीत धरली.

पहिला घाव छिन्नीच्या डोक्यावर बसला. दुसराही. सुनेने दातावर दात धरले होते. तिसरा घाव छिन्नीवरून घसरून म्हाताऱ्याच्या अंगठ्यावर आला. ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. म्हातारा कण्हला आणि गुडघ्यावर आला.

"चुकून नाही मारला," सून म्हणाली.

"ठाऊक आहे."

थोरली जागची हलली नाही. पदराचं टोक तिने दातांत धरलं होतं. म्हाताऱ्याने लोंबता अंगठा तळहातात दाबला, उरलेल्या चार बोटांत छिन्नी पकडली आणि तोच हात परत घणाखाली ठेवला.

मग सून मारत सुटली. तोंडाने शिव्या देत होती. सासऱ्याला, गोदामवाल्याला, घण्यालाही, की बापाला नाही म्हणायला जीभ झडली होती का तुझी. एकही घाव पुन्हा हातावर आला नाही. ठिणग्या उडाल्या, गज कडाडला आणि दोन तुकडे झाले. म्हाताऱ्याने छिन्नी टाकली, हातोडी उचलली आणि ऐरणीवर टिचकी मारली. थांब.

सुनेने घण डोक्यावर नेला आणि रिकाम्या ऐरणीवर हाणला.

ठण्ण.

म्हाताऱ्याच्या हातातली हातोडी पडली.

"तुम्ही रोज ओरडायचात त्यांना," सून म्हणाली. "तो घाव ऐरणीला नव्हता. मला होता. आलो, ताट वाढ म्हणून. मी आतून ऐकायचे."

म्हातारा ऐरणीवर आडवा पडला आणि ओरडला. लोखंडाला गाल लावून, जनावरासारखा, इतक्या दिवसांचं एकदम. सून त्याच्यापाशी गेली नाही, डोक्यावर हातही ठेवला नाही. घणाच्या दांड्यावर टेकून तिथेच रडत उभी राहिली. थोरली अंगणातच बसली आणि तिने पदर दातांतून सोडला.

तेवढ्यात मेव्हणा आला. जबडा बांधलेला, तोंड सुजून भोपळा. त्याने तिघांकडे पाहिलं, म्हाताऱ्याचा अंगठा पाहिला. खांद्यावरचं फडकं काढून अंगठ्याला घट्ट गुंडाळलं. मग फाटकाचं दुसरं टोक उचललं आणि पुढचा गज ऐरणीवर येईल असं धरून उभा राहिला.

तोंड बंद झाल्यापासून माझा भाऊ पहिल्यांदा कामाला आला, असं थोरली म्हणाली, आणि नाक पुसलं.

"छिन्नी धरा, मामंजी," सुनेने घण उचलला. "अख्खं फाटक उरलंय अजून."